रणांगणावरचा बातमीदार आणि त्याचं थकलेलं मन

१७ मार्च १९४४ची सकाळ. इटलीच्या किनाऱ्यावरच्या आन्झिओ गावात युद्धवार्ताहरांना राहायला एक बंगला दिला होता. विमानविरोधी तोफांच्या आवाजानं अर्नी पाइल यांना जाग आली. काय चाललंय ते पाहायला ते अंथरुणातून उठून खिडकीकडे गेले आणि तेवढ्यात जर्मन विमानांनी टाकलेले बॉम्ब बंगल्याच्या अगदी जवळ पडले. दारं-खिडक्या उडाल्या. भिंत कोसळली ती थेट त्यांच्या पलंगावर. ते क्षणभर आधी उठले नसते तर विटांच्या ढिगाऱ्याखालीच सापडले असते. प्रत्यक्षात गालावर एक बारीकशी जखम झाली, बाकी काही नाही. सहकाऱ्यांनी त्यांना तिथल्या तिथे टोपणनाव दिलं : कशानंही न मोडणारा म्हातारा. हा म्हातारा तेव्हा ४३ वर्षांचा होता.

थोड्या वेळानं पाइल यांनी केस विंचरायला खिशात हात घातला. डोक्यावरून फिरवायला लागल्यावर लक्षात आलं की, हातात कंगवा नसून रुमाल आहे. ही गोष्ट त्यांनी आपल्या सदरात स्वतःची थट्टा करत सांगितली आणि अमेरिकेतल्या घराघरांत लोक ती वाचून हसले असतील. आज ती वाचताना हसू येतंच. पण त्या रुमालापाशी थोडं थांबावंसं वाटतं. कारण पुढच्या तेरा महिन्यांत या माणसाचं जे झालं, त्याची सुरुवात याच्याही आधी झाली होती आणि ती ओळखायला त्या काळच्या वैद्यकशास्त्राकडे धड शब्द नव्हता.

पाइल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी इंडियाना राज्यातल्या डेना या गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. आईवडिलांचं एकुलतं एक अपत्य. शेतीत मन रमलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी नौदलाच्या राखीव दलात नाव नोंदवलं; पण रणांगण दिसण्याआधीच युद्ध संपलं. विद्यापीठातलं शिक्षण पदवीच्या तोंडाशी सोडून ते वर्तमानपत्रात शिरले. वॉशिंग्टनला नोकरी लागली, तिथेच जेराल्डिन सीबोल्ड्स ही सरकारी कार्यालयात काम करणारी हुशार, वाचनवेडी तरुणी भेटली आणि १९२५मध्ये दोघांनी लग्न केलं. १९३५पासून हे जोडपं मोटारीनं अमेरिकाभर फिरत राहिलं. रस्त्यात भेटणाऱ्या साध्या माणसांवर पाइल आठवड्याला सहा लेख लिहीत. जेरी त्या लेखांत नाव न घेता डोकावत असत. वाचकांना वाटे, किती मजेचं आयुष्य! प्रत्यक्षात घर नाही, स्थैर्य नाही, रोज नवी खोली आणि रोज नवा मजकूर. जेरी यांना दारूचं व्यसन जडलं, उत्तेजक गोळ्या आल्या आणि मधून मधून खोल नैराश्याचे झटके येऊ लागले. पाइल स्वतःही भरपूर पीत आणि उदास होत. अंगानं किडकिडीत, वजन जेमतेम पन्नास किलोच्या आसपास. युद्धावर जायला अगदी अयोग्य असा माणूस निवडायचा असता तर तो हाच, असं म्हणायला हरकत नाही.

१९४०च्या अखेरीस ते लंडनला गेले. शहरावर रात्री-अपरात्री बॉम्ब पडत होते. पेटलेल्या लंडनवर त्यांनी पाठवलेल्या लेखांनी त्यांचं नाव एकदम मोठं झालं. ते तिथे असतानाच १९४१च्या मार्चमध्ये त्यांची आई गेली. बातमी तारेनं कळली, अंत्यविधीला जाणं शक्यच नव्हतं. घरी परतल्यावर पाहतात तर जेरी यांची अवस्था आणखी बिघडलेली. १९४२च्या एप्रिलमध्ये दोघांनी घटस्फोट घेतला. या धक्क्यानं तरी जेरी उपचार मनावर घेतील, अशी पाइल यांची आशा होती. औषध म्हणून घटस्फोट ही कल्पना आज चमत्कारिक वाटते. पण व्यसन आणि नैराश्य म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव, एवढीच बहुतेकांची समजूत होती तो हा काळ. वर्षभरातच, मार्च १९४३मध्ये, त्यांनी पुन्हा लग्न केलं. तेही नवरदेव आफ्रिकेत, नवरी अमेरिकेत, असं मुखत्यारपत्रावर.

उत्तर आफ्रिकेत पाइल यांना त्यांचा विषय सापडला : पायदळातला साधा शिपाई. सेनापतींच्या नकाशांत त्यांना रस नव्हता. चिखलात झोपणारी, अंघोळीला महाग झालेली, रोज मैलोन्‌मैल चालणारी विशी-पंचविशीतली मुलं त्यांनी नावगावासकट वाचकांपुढे उभी केली. त्यांच्याबरोबर तेही खंदकात झोपत, थंड डबे खात. पुढे सुमारे ४०० दैनिकं आणि ३०० साप्ताहिकं त्यांचं सदर छापू लागली. या मुलांच्या चेहऱ्यांवरचा थकवा पाइल यांनी फार बारकाईनं टिपला. तो नुसता झोप न मिळाल्याचा थकवा नव्हता, वय पुसून टाकणारा होता.

योगायोग असा की, नेमक्या याच थकव्याला तेव्हा सैन्यात अधिकृत नाव मिळत होतं. पहिल्या महायुद्धात थरथरणाऱ्या, मुक्या झालेल्या सैनिकांच्या आजाराला इंग्रज डॉक्टर ‘शेल शॉक’ म्हणत. तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मेंदूला इजा होते, अशी सुरुवातीची समजूत होती. दुसऱ्या महायुद्धात ट्युनिशियाच्या आघाडीवर जनरल ओमर ब्रॅडली यांनी एप्रिल १९४३मध्ये आदेश काढला की, मन कोलमडलेल्या प्रत्येक सैनिकाच्या कागदावर सुरुवातीला फक्त ‘थकवा’ एवढंच लिहायचं. त्यात शहाणपण होतं. वेडा किंवा भित्रा असा शिक्का बसला की, माणूस पुन्हा उभा राहणं कठीण होतं. थकलेल्याला मात्र झोप, गरम जेवण आणि थोडी विश्रांती मिळाली की, तो सावरेल अशी अपेक्षा ठेवता येते. आघाडीच्या जवळच औषधानं झोपवून, खाऊपिऊ घालून बऱ्याच जणांना काही दिवसांत परत पाठवलं जाई.

सगळेच असा विचार करत नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिसिलीतल्या लष्करी रुग्णालयांत जनरल जॉर्ज पॅटन यांनी अशा दोन सैनिकांना भित्रे म्हणून थप्पड मारली. त्यांतल्या एकाला मलेरिया झाल्याचं नंतर निष्पन्न झालं! तिथल्या वार्ताहरांना प्रकार कळला होता. पण तो छापून आला नोव्हेंबरमध्ये.

पाइल त्या वेळी सिसिलीतच होते आणि तेही आजारी पडले. ताप, अंगभर ठणका. काही दिवस त्यांना लष्करी दवाखान्यातल्या तंबूत ठेवलं. मलेरिया नाही, आमांश नाही, मग काय? डॉक्टरांनी त्याला रणांगणाचा ताप असं नाव दिलं. धूळ, अबरचबर खाणं, अपुरी झोप, दमणूक आणि आघाडीवर असलेल्या प्रत्येकाच्या मज्जातंतूंवर नकळत पडणारा ताण, अशी कारणं सांगितली. आजच्या परिभाषेत ही कारणं मांडायला फारसं काही बदलावं लागत नाही. धोका जाणवला की, मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग इशारा देतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात उतरतात, हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताणले जातात. काही मिनिटांच्या संकटासाठी ही यंत्रणा उत्तम. ती महिनोन्‌महिने चालू राहिली तर झोप मोडते, एकाग्रता जाते, भूक मंदावते आणि प्रतिकारशक्तीही ढासळते. पाइल यांनी तंबूतल्या जखमी सैनिकांवर, तिथल्या डॉक्टरांवर सुंदर लेख लिहिले. स्वतःच्या तापाचाही त्यांना एक लेखच झाला.

डिसेंबर १९४३मध्ये ते इटलीतल्या सान पिएत्रोजवळच्या डोंगराळ आघाडीवर होते. हेन्री वॅस्को हा टेक्सासचा तरुण कॅप्टन मारला गेला होता. चांदण्या रात्री खेचराच्या पाठीवरून त्याचा मृतदेह खाली आणला आणि भिंतीशी ठेवला. त्याच्या हाताखालचे शिपाई एकेक करून आले, थोडं थांबले. एकानं त्याचा हात हातात घेऊन बसकण मारली, उठताना त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. पाइल यांनी हे शांतपणे पाहिलं आणि तितक्याच शांतपणे लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, हे काही जमलेलं नाही, आपली लेखणी बोथट झाली. मित्रांनी समजूत घातली तरी ते पटेना आणि ते दारूत बुडाले. १० जानेवारी १९४४ला वॉशिंग्टनच्या त्यांच्या दैनिकानं अख्खं पहिलं पान त्या एका लेखाला दिलं. त्या वर्षी त्यांना पुलित्झर पुरस्कारही मिळाला. आपण केलेल्या उत्तम कामातही काही दम नाही असं वाटत राहणं, हे नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे. पण ज्याच्या लेखावर देश रडत होता, त्याला हे कोण सांगणार?

मग नॉर्मंडी. ७ जून १९४४ला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाइल ओमाहा किनाऱ्यावर पोहोचले. समुद्रानं वाळूवर आणून टाकलेल्या सैनिकांच्या वस्तूंमधून ते चालत गेले : मोजे, दाढीचं सामान, घरच्यांचे फोटो, कोरे कागद, सिगारेटी, एक बँजो, टेनिसची एक रॅकेट. मृतांची संख्या देण्याऐवजी त्यांनी ही यादी दिली. हा लेख त्यांच्या सर्वोत्तम लेखांपैकी मानला जातो. मला मात्र तो वाचताना वाटतं की, प्रेतांकडे सरळ पाहणं आता त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांची नजर वस्तूंवर खिळली. अर्थात हा माझा तर्क.

२५ जुलैला सेंट-लो शहराजवळ जर्मनांची फळी फोडण्यासाठी जवळपास दीड हजार अवजड बॉम्बफेकी विमानं आली. काही बॉम्ब अलीकडेच, अमेरिकी सैन्यावर पडले. १११ जण ठार झाले, ४९० जखमी झाले. पाइल तिथेच होते. एका शेडमधल्या गाडीखाली ते घुसले आणि अंगावर येणाऱ्या बॉम्बचा आवाज ऐकत पडून राहिले. आपल्याच विमानांचे बॉम्ब. या प्रसंगातून ते पुढे सावरले नाहीत. ऑगस्टअखेर पॅरिस मुक्त झालं, शहर नाचत होतं आणि पाइल घरी जायची तयारी करत होते. युरोपचा निरोप घेताना त्यांनी वाचकांना कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितलं की, आपलं मन आता आणखी सहन करू शकत नाही. ते ठिकाणावर राहणार नाही, अशी भीती वाटते. हिशेबही दिला : २९ महिने परदेशात, सुमारे सात लाख शब्द, आणि त्यातलं जवळजवळ एक वर्ष प्रत्यक्ष आघाडीवर.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. युद्ध संपल्यावर १९४६मध्ये अमेरिकी लष्कराच्या मनोविकारतज्ज्ञांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, पायदळातला सैनिक कितीही धीट असो, लढाईचे साधारण २०० ते २४० दिवस भरले की तो निकामी होतो. म्हणजे प्रश्न कोण शूर आणि कोण भित्रा हा नसून किती दिवस, हा आहे. वार्ताहराला रोज हल्ल्यात उतरावं लागत नाही हे खरं, त्यामुळे दिवसांची थेट तुलना करता येणार नाही. पण वार्ताहराचं एक जास्तीचं काम असतं. सैनिक जे विसरू पाहतो तेच त्याला रात्री बसून पुन्हा आठवावं लागतं, शब्दात बांधावं लागतं. शिवाय त्याच्या हातात बंदूक नसते आणि त्याला केव्हाही परत जाता येतं. ही परतीची मोकळीक सुखाची वाटते. तिच्यातूनच अपराधीपणा येतो.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमध्ये १९४०मध्ये बांधलेल्या छोट्या घरात पाइल परतले. विश्रांती कुठली! प्रसिद्धीमुळे फोन, पत्रं, पाहुणे. त्यांच्या लेखांवर बेतलेला चित्रपट तयार होत होता. आणि त्या शरद ऋतूत जेरी यांनी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. त्या वाचल्या, रुग्णालयात त्यांना विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. आघाडीवरच्या माणसाच्या घरी राहिलेल्यांच्या मनाचं काय होतं, याची नोंद तेव्हा कुठल्याच खात्याकडे नव्हती. जेरी यांचा आजार युद्धाच्या आधीपासूनचा होता, त्याचं खापर युद्धावर फोडणं चूक ठरेल. पण एकटेपणा, रोजची धास्ती आणि परत आला तरी मनानं तिथेच असलेला नवरा, यांनी तो वाढला नसेल असं कोण म्हणेल?

पाइल यांना जे झालं होतं त्याला नाव मिळायला १९८० साल उजाडलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताण विकार, म्हणजे ‘पीटीएसडी’, दाखल झाला. नको त्या आठवणी घुसत राहणं, दुःस्वप्नं, भावना बधिर होणं, सतत दचकणं ही त्याची लक्षणं. मृत व्यक्तीचं निदान लेखातून करू नये, म्हणून पाइल यांना नेमका हाच विकार होता असा दावा मी करणार नाही. पण या दृष्टीनं वार्ताहरांना तपासायला आणखी वीस वर्षं गेली. टोरंटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी २००२मध्ये १४० युद्धवार्ताहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांची तुलना युद्धावर न गेलेल्या १०७ पत्रकारांशी केली. युद्धवार्ताहरांपैकी २८.६ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झाला होता, २१.४ टक्क्यांना तीव्र नैराश्य. दारूचं प्रमाणही जास्त. आणि एवढं असून ते इतर पत्रकारांपेक्षा अधिक संख्येनं डॉक्टरांकडे गेलेले नव्हते. बातमीच्या धंद्यात मी ठीक नाही असं म्हणणं आजही जड जातं, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारून पाहा. त्याच तज्ज्ञांच्या नंतरच्या अभ्यासात दिसलं की, कार्यालयात बसून हिंसेच्या चित्रफिती वारंवार तपासणाऱ्यांनाही हा त्रास होतो. २०१३च्या निदानपुस्तिकेनं कामाचा भाग म्हणून होणारा असा वारंवार संपर्क आघातात धरला.

उपचारही आता आहेत. आघाताची आठवण सुरक्षित वातावरणात, तज्ज्ञाच्या सोबतीनं हळूहळू उलगडणारी मानसोपचार पद्धती सर्वांत उपयोगी ठरली आहे, गरजेप्रमाणे औषधंही दिली जातात. एक गोष्ट मात्र सगळे उपचार गृहीत धरतात : माणूस धोक्यातून बाहेर आलेला असला पाहिजे. पाइल तर पुन्हा निघाले.

जानेवारी १९४५मध्ये ते पॅसिफिककडे रवाना झाले. जायची इच्छा नव्हती, हे त्यांनी लपवलं नाही. आपण यातून परत येणार नाही, असं ते मित्रांना सांगत. मग का गेले? तिथे लढणाऱ्या मुलांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल, हे त्यांनी दिलेलं कारण. ते खरंच असावं. पण घरच्या दुःखापुढे हतबल झालेल्या माणसाला आघाडीवर निदान काय करायचं ते ठाऊक असतं, हेही एक कारण असेल. दीर्घ काळ धोक्यात राहिलेल्यांना शांत घर परकं वाटतं, हे अनेक सैनिकांच्या आणि वार्ताहरांच्या बाबतीत दिसतं.

१ एप्रिलला ओकिनावावर सैन्य उतरलं, तिथे किनाऱ्यावर अपेक्षेपेक्षा फारच कमी प्रतिकार झाला. पाइल बचावले. १८ एप्रिलला जवळच्या इए शिमा या लहानशा बेटावर ते एका लेफ्टनंट कर्नलबरोबर जीपमधून जात होते. जपानी मशीनगन धडधडली, सगळे रस्त्याकडेच्या चरात पडले. थोड्या वेळानं बरोबरचे सगळे ठीक आहेत का ते पाहायला पाइल यांनी डोकं वर काढलं. गोळी शिरस्त्राणाच्या कडेखाली, डाव्या कानशिलात लागली. वय ४४. अध्यक्ष रूझवेल्ट जाऊन सहाच दिवस झाले होते. नवे अध्यक्ष ट्रुमन यांनी पाइल यांच्या मृत्यूवर स्वतः निवेदन काढलं.

त्यांच्या खिशात एका लेखाचा हस्तलिखित मसुदा सापडला. युरोपातलं युद्ध संपेल त्या दिवसासाठी तो लिहून ठेवला होता. विजयाच्या लेखात विजय फारसा नव्हता. झुडपांच्या कुंपणांशी, रस्त्याकडेला, देशोदेशी, वर्षानुवर्षं पाहिलेले मृतदेह होते. इतके की, त्यांचा कंटाळा यावा, शेवटी रागही यावा, असं त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं होतं.

जेरी त्यानंतर सात महिने जगल्या. २३ नोव्हेंबर १९४५ला मूत्रपिंडं निकामी होऊन त्यांचं अल्बुकर्कीमध्ये निधन झालं. पाइल यांचा देह आधी बेटावर, मग ओकिनावात आणि शेवटी १९४९मध्ये होनोलुलूच्या लष्करी दफनभूमीत हलवण्यात आला. अल्बुकर्कीतल्या त्यांच्या घरात १९४८पासून शहराचं वाचनालय आहे.